मोजायला दोघी लागतात

इटलीत ३१ डिसेंबर १९६२ या तारखेचा एक कायदा आहे. प्राथमिक शाळेची पाच वर्षे संपली की पुढची तीन वर्षे सगळ्या मुलांनी एकाच प्रकारच्या माध्यमिक शाळेत, फी न भरता शिकायचे, असे त्याने ठरवले. त्याआधी त्या शाळेत जायला प्रवेशपरीक्षा द्यावी लागे. जी मुले ती देत नसत ती कामधंद्याच्या वर्गात जात, नाहीतर सरळ दुकानात, कारखान्यात, चुलीपाशी. आठ वर्षांच्या सक्तीच्या मोफत शिक्षणाचे वचन १९४८च्या राज्यघटनेने दिलेच होते. ते कागदावरून वर्गापर्यंत यायला चौदा वर्षे गेली. एलेना फेरांते या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेच्या नेपल्सवरच्या चार कादंबऱ्यांतल्या दोन मुली ऑगस्ट १९४४मध्ये जन्मल्या आहेत. पाचवी संपली तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. एकीचा बाप नगरपालिकेत शिपाई. तो कुरकुरत का होईना, हो म्हणाला. दुसरीचा बाप जोडे दुरुस्त करणारा. तो नाही म्हणाला, आणि मुलगी हटून बसली तेव्हा त्याने तिला खिडकीतून बाहेर फेकले. तिचा हात मोडला आणि शाळा सुटली. कायदा आला तेव्हा दोघी अठरा वर्षांच्या होत्या. पहिलीला त्याची गरज उरली नव्हती, आणि दुसरीला त्याचा उपयोग नव्हता.

पहिली एलेना ग्रेको, म्हणजे लेनू. दुसरी राफाएल्ला चेरुल्लो, म्हणजे लीला. २०११ ते २०१४ या चार वर्षांत हे चार खंड इटालियनमध्ये आले, आणि अ‍ॅन गोल्डस्टीन यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ते आपल्याकडच्या वाचकांपर्यंतही पोचले. २०२४मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लेखक-समीक्षकांचा कौल घेऊन एकविसाव्या शतकातल्या सर्वोत्तम पुस्तकांची यादी केली, तेव्हा पहिला खंड पहिल्या क्रमांकावर होता. एवढ्या गाजलेल्या कृतीबद्दल एक मत आपोआप तयार होते, आणि मग ते कोणी तपासत नाही. इथे ते मत असे आहे की ही दोन बायकांच्या मैत्रीची गोष्ट आहे आणि युद्धानंतरची इटली ही तिची पार्श्वभूमी. मला ही मांडणी उलटी वाटते. या कादंबऱ्यांत मैत्री हे इतिहास मोजण्याचे साधन आहे. सत्तांतर, कायदा, संप, बॉम्बस्फोट यांनी माणसाच्या आयुष्यात नेमके काय बदलले, हे एका आयुष्याकडे पाहून कळत नाही, कारण त्याच काळात दुसरे काय होऊ शकले असते हे त्या आयुष्यात दिसत नाही. एका पारड्याने वजन होत नाही. एकाच वर्षी, एकाच गल्लीत, जवळपास सारख्याच बुद्धीने जन्मलेल्या दोन मुली शेजारी शेजारी ठेवल्या, तर मधल्या साठ वर्षांत देशाने कोणाला काय दिले आणि कोणाकडून काय काढून घेतले, याचा हिशेब लागतो. फेरांतेने तो लावला आहे.

या हिशेबाची सुरुवात कोणत्याही पक्षाच्या सभेत होत नाही. पहिल्या खंडात या मुलींचे जग म्हणजे एक वस्ती, काही जिने, एक तळघर आणि डॉन आकिल्ले नावाचा एक माणूस. मुलींच्या लेखी तो राक्षस आहे. त्याची भीती वाटते, पण का वाटते ते कोणी सांगत नाही. पुढे पास्क्वाले पेलुसो हा कम्युनिस्ट घरातला गवंडी पोरगा लीलाला सांगू लागतो की या सगळ्याच्या ‘आधी’ काहीतरी होते. युद्ध होते, फॅसिस्ट होते, राजेशाहीवाले होते, काळाबाजार होता. नेपल्समध्ये हे सगळे फार जवळून घडले होते. सप्टेंबर १९४३मध्ये शहराने चार दिवस लढून जर्मनांना हुसकले, मग दोस्तांचे सैन्य आले, आणि भुकेल्या शहरात काळ्याबाजारावर नवे श्रीमंत उभे राहिले. डॉन आकिल्लेचा पैसा तिथला. सोलारा कुटुंबाच्या मिठाईच्या दुकानामागे सावकारी आहे आणि गुंडगिरी आहे. हे कळल्यावर लीला झपाटते. तिला गल्लीतला प्रत्येक दगड, प्रत्येक माणूस त्या ‘आधी’ने माखलेला दिसू लागतो, आणि ती ते लेनूला सांगते. लेनू तेव्हा शाळेत लॅटिन शिकत असते. प्राचीन रोमचा इतिहास तिला परीक्षेपुरता येतो, पण आपल्या जिन्याचा इतिहास तिला शाळेबाहेर पडलेल्या मैत्रिणीकडून कळतो. शाळेत जाणारीला एक इतिहास मिळाला आणि न जाणारीला दुसरा. दोन्ही जोडल्याशिवाय नेपल्स पुरे होत नाही, आणि त्यांना जोडणारा दुवा या मैत्रीखेरीज दुसरा कोणताही नाही.

हे निव्वळ योगायोगाने घडत नाही, याचा एक चोख पुरावा पहिल्याच खंडात आहे. वस्तीतल्या वाचनालयात शिक्षक सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्यांना बक्षिसे देतात. पहिला क्रमांक राफाएल्ला चेरुल्लोचा. दुसरा तिच्या बापाचा, तिसरा आईचा, चौथा भावाचा, आणि पाचवा लेनूचा. चेरुल्लोंच्या घरात वाचणारी एकटी लीलाच. एका कार्डावर मिळतील तेवढी पुस्तके तिला पुरत नव्हती, म्हणून तिने घरातल्या सगळ्यांच्या नावे कार्डे काढली होती. प्रसंग हसू आणणारा आहे, पण त्यात एक कठोर निवाडाही आहे. जिला शाळा नाकारली गेली तिची भूक शाळेत जाणारीपेक्षा चौपट होती. यापुढे दोघींमधली दरी वाढवते ती भाषा. लेनू प्रमाण इटालियन बोलायला शिकते, आणि त्या भाषेच्या जोरावर पिसाच्या नामांकित विद्यापीठापर्यंत जाते. लीलाचे इटालियनही उत्तम आहे, पण तिचे जगणे नेपल्सच्या बोलीत चालते. फेरांते ती बोली पानावर फारशी उतरवत नाही. कोण बोलीत बोलले आणि कोण इटालियनमध्ये, एवढेच सांगते. तेवढ्याने खोलीतली सत्ता कोणाकडे आहे ते कळते. घरची बोली उंबऱ्याबाहेर ठेवून शाळेत शिरलेल्या कोणत्याही मराठी वाचकाला यावर टीप लागणार नाही.

लग्नाच्या प्रकरणात हा हिशेब अधिक उघड होतो. लीला सोळाव्या वर्षी डॉन आकिल्लेच्या मुलाशी, स्तेफानो कार्राचीशी लग्न करते. भुसारी मालाच्या दुकानाचा हा मालक सभ्य आहे, सोलारांच्या मागणीतून सोडवणारा आहे, असे तिला वाटलेले असते. लग्नाच्या दिवशीच कळते की त्याने धंद्यासाठी सोलारांशी हातमिळवणी केली आहे. मधुचंद्राच्या रात्री तो तिला मारतो आणि बळजबरी करतो. ती सुजलेल्या चेहऱ्याने परतते, तेव्हा वस्तीत कोणालाच नवल वाटत नाही. हे वाचताना स्तेफानो वाईट निघाला एवढाच निष्कर्ष काढला तर बरेच काही निसटते. त्या काळच्या इटालियन कायद्यात नवरा हा कुटुंबप्रमुख होता आणि घटस्फोट अस्तित्वातच नव्हता. बायकोचा व्यभिचार हा गुन्हा होता; घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद १९६८मध्ये रद्द केली. घटस्फोटाचा कायदा डिसेंबर १९७०मध्ये आला, आणि तो काढून टाकण्यासाठी १९७४मध्ये जनमत घेतले गेले तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो राखला. पतीपत्नींना समान हक्क देणारी कौटुंबिक कायद्यातली सुधारणा १९७५ची. लीला ज्या वर्षांत स्तेफानोचे घर सोडते, त्या वर्षांत ती कायद्याने केवळ पळून गेलेली बायको आहे. लेनू आपल्या प्राध्यापक नवऱ्याला, पिएत्रो आयरोताला सोडते तेव्हा साल १९७६ उजाडलेले असते. तिच्या वाट्यालाही अपराधीपणा येतो, आई शिव्या देते, मुलींचे हाल होतात. पण तिच्या पायाखाली कायदा आहे, हातात पुस्तकाचे पैसे आहेत आणि ती जे करते आहे त्याला नाव देणारी एक चळवळ आहे. दोघींनी नवरा सोडला. एकीने तो दहाएक वर्षे आधी सोडला, आणि त्या दहा वर्षांची किंमत तिने एकटीने भरली.

ती किंमत कारखान्यात दिसते. लीला आपल्या लहान मुलाला घेऊन एन्झो स्कान्नोसोबत सान जोव्हान्नी आ तेदुच्चो या गिरणगावी राहू लागते आणि ब्रूनो सोक्काव्होच्या मांसाच्या कारखान्यात कामाला लागते. खारट पाण्याने सोललेले हात, शीतगृहातली थंडी, बायकांच्या अंगचटीला येणारा मालक, हे सगळे तिथे रोजचे आहे. १९६८च्या सुमारास विद्यार्थी आणि कामगार यांची एकजूट करणाऱ्या एका बैठकीला पास्क्वाले तिला नेतो, आणि ती तिथे उठून कारखान्यात काय चालते ते सांगते. विद्यार्थी भारावतात. तिचे बोलणे ते पत्रकात छापतात आणि कारखान्याच्या दाराशी वाटतात. तिला कोणी विचारलेले नसते. पत्रक वाचताच मालकाला कळते की हे आतून कोणी सांगितले. विद्यार्थी संध्याकाळी घरी जातात. लीलाला दुसऱ्या दिवशी त्याच दारातून आत जायचे असते. पुढे लेनू मदतीला येते. ती होणाऱ्या सासरच्या ओळखी वापरते, वकील मिळवून देते आणि कम्युनिस्ट पक्षाच्या ‘लुनिता’ या दैनिकात कारखान्यावर लेख लिहिते. लेख गाजतो, सही लेनूची असते, आणि त्यातला मजकूर लीलाच्या टिपणांतून आलेला असतो. इटलीत ज्याला १९६९चा ‘तप्त शरद’ म्हणतात त्या संपांच्या लाटेवर ग्रंथालये भरतील एवढे लिहिले गेले आहे. कामगाराचा आवाज आणि त्या आवाजाला मिळणारे नाव यांच्यामधले अंतर इतक्या थोडक्या प्रसंगात दाखवणारे लेखन मला तरी दुसरे आठवत नाही. आणि ते दिसते ते केवळ बोलणारी आणि लिहिणारी या मैत्रिणी आहेत म्हणून. त्या अनोळखी असत्या तर लेख हा एक उपकार ठरला असता. मैत्रीमुळे तो कर्ज होतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की एवढे असूनही कादंबरीत राजकारण नुसते अंगाला चाटून जाते. १२ डिसेंबर १९६९ला मिलानच्या पियात्सा फोंतानातल्या बँकेत बॉम्ब फुटून १७ माणसे मेली; १९७८मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना ५५ दिवस डांबून मग ठार केले; २ ऑगस्ट १९८०ला बोलोन्याच्या स्थानकावर ८५ माणसे मेली. ज्या देशाने असे दशक पाहिले त्याच्या कादंबरीत या घटना ओझरत्या याव्यात, आणि पानेच्या पाने दोघींच्या नीनो सार्रातोरेवरच्या प्रेमात खर्ची पडावीत? आक्षेप वरवरचा नाही. नीनोवरची पाने थोडी कमी असती तरी चालले असते, हे मीही मान्य करीन. पण घटना ओझरती येते म्हणजे राजकारण ओझरते येते, हे मला पटत नाही. बहुतेक माणसांना इतिहास ठळक मथळ्यात भेटत नाही. ओळखीच्या माणसाबद्दल कानावर आलेल्या शंकेतून भेटतो. लहानपणी ज्याच्याबरोबर नाचलो तो पास्क्वाले आता बंदूक घेऊन भूमिगत झाला आहे का? सोक्काव्होचा खून झाला त्यात त्याचा हात होता का? लेनूच्या प्राध्यापक गालियानी बाईंची सुखवस्तू मुलगी नादिया त्याच्यासोबत होती का? लेनूच्या मनात एका टप्प्यावर या हिंसेत खुद्द लीलाही असेल अशी कल्पना येऊन जाते. ‘शिशाची वर्षे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या काळाचे खरे स्वरूप हेच होते: कोण कोणत्या बाजूला आहे हे शेजारच्यालाही ठाऊक नसणे. पुढे पास्क्वाले तुरुंगात खितपत पडतो, आणि नीनो खासदार होऊन नव्वदच्या दशकातल्या लाचखोरीच्या चौकशांत सापडतो, पण बुडत नाही. एकाच पिढीचे दोन डावे, दोन शेवट. यापेक्षा जास्त राजकारण कादंबरीत कसे आणायचे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. याला मैत्री म्हणायचे का? या दोघी एकमेकींचा हेवा करतात, एकमेकींना तोडून बोलतात, एकीचे यश दुसरीला सलते. लीलाच्या लग्नाने लेनू खचते. लेनूचे शिक्षण लीलाला सुखाने झोपू देत नाही. इस्कियाच्या उन्हाळ्यात लेनूला आवडणाऱ्या नीनोवर लीला हक्क सांगते, आणि पुढे कित्येक वर्षांनी तोच नीनो लेनूच्या घरात येतो. मैत्रीचा अर्थ निखळ जिव्हाळा असा असेल, तर हे तिचे विडंबनच. पण तो अर्थ समान माणसांच्या मैत्रीला लागू पडतो, आणि या दोघींना समान राहू दिलेले नाही. एका गल्लीत एकाच मुलीपुरती जागा होती. पंतोजी बाईंनी दोघींतली हुशार कोण हे ओळखले होते, तरी जागा मिळाली ती बापाने परवानगी दिलेलीला. जिथे वाटा इतका तुटपुंजा, तिथे हेवा हा स्वभावदोष राहत नाही, तो वाटणीचा परिणाम होतो. इटालियन स्त्रीवादाने हे फार आधी ओळखले होते. कार्ला लोन्झींचे १९७०मधले लेखन लेनू कादंबरीतच वाचते आणि हादरते. १९७५मध्ये सुरू झालेल्या मिलानच्या स्त्रियांच्या पुस्तकांच्या दुकानातील लेखिकांनी पुढे असे मांडले की बायकांमधली विषमता झाकू नये; एकीकडे दुसरीपेक्षा काहीतरी जास्त आहे हे कबूल करून त्या ‘जास्त’चा आधार घ्यावा. भगिनीभावाच्या गोड भाषेपेक्षा हे अवघड आहे. लेनू आणि लीला नेमके हेच अवघड काम साठ वर्षे करतात, आणि बऱ्याचदा त्यात हरतात. लेनूची पहिली कादंबरी लीलाने लहानपणी लिहिलेल्या ‘निळी परी’ या गोष्टीतून उगवली आहे, हे लेनूला स्वतःलाच उमगते. ती ते सांगायला कारखान्यात जाते, आणि लीला तो जुना कागद तिथल्या आगीत टाकून देते. कबुलीही खरी आणि आगही खरी. या प्रसंगाला मैत्री हे नाव नाकारायचे असेल तर दुसरे नाव शोधावे लागेल, आणि मला ते सापडलेले नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या मुळावरच येतो. मोजायला दोघी लागतात हे खरे मानले, तरी चारही खंडांत बोलते ती एकटी लेनू. लीला जे म्हणाली, जे तिला वाटले, ते सगळे लेनूच्या गाळणीतून येते. मग दुसरे पारडे आहे कुठे? शिवाय लेनू प्रामाणिक साक्षीदार आहे असेही नाही. लीलाने विश्वासाने सोपवलेल्या आठ वह्या तिने वाचल्या, जवळजवळ पाठ केल्या, आणि पिसात आर्नो नदीच्या पुलावरून पाण्यात टाकून दिल्या. म्हातारपणी, लीलाला दिलेला शब्द मोडून, तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दुःखावर तिने छोटे पुस्तक लिहिले, आणि लीलाने तिच्याशी बोलणे कायमचे बंद केले. म्हणजे शिकलेल्या मैत्रिणीने न शिकलेल्या मैत्रिणीचे दप्तर बुडवले आणि मग तिच्या वतीने लिहायला बसली. यावर माझे उत्तर असे, की कादंबरी हे लपवत नाही. वह्या बुडवल्याची हकीकत दुसऱ्या खंडाच्या अगदी सुरुवातीला येते. वाचकाने पुढचे प्रत्येक पान ती चोरी लक्षात ठेवून वाचावे, अशीच ती योजना आहे. दुसरे पारडे रिकामे दिसते, पण ते कोणी रिकामे केले हे आपल्याला सांगितलेले आहे. साधनांच्या आधारे इतिहास लिहिणाऱ्यांची अडचण नेमकी हीच असते: ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांचेच कागद उरतात. फेरांतेने ही अडचण सोडवल्याचा आव आणला नाही; तिने गुन्हेगाराकडूनच जबाब लिहून घेतला आहे. लीलाच्या आवाजात एखादा खंड आला असता तर आपल्याला न्याय झाल्याचे समाधान मिळाले असते, आणि ते समाधान खोटे ठरले असते.

या जबाबात सर्वांत जड प्रकरण चौथ्या खंडातले आहे. २३ नोव्हेंबर १९८०च्या संध्याकाळी दक्षिण इटली भूकंपाने हादरली. जवळजवळ तीन हजार माणसे गेली, आणि पुनर्बांधणीच्या पैशावर पुढे राजकारणी आणि कामोर्राचे गुंड दोघेही पोसले गेले. लेनू तेव्हा नेपल्सला परतलेली आहे. दोघी गरोदर आहेत, आणि ती रात्र एकत्र काढतात. आयुष्यभर कोणालाही न भिणारी लीला त्या रात्री कबूल करते की माणसांच्या, वस्तूंच्या कडा सुटत चालल्या आहेत असे तिला लहानपणापासून वाटत आले आहे. लेनूला ती रात्र भीतीची वाटते. लीलाला ती रात्र म्हणजे नेहमीच्या भीतीचा पुरावा. पुढे दोघी मिळून सोलारांच्या काळ्या व्यवहारांवर लेख लिहितात. तो लेनूच्या नावाने छापून येतो, आणि सोलारांचे काही वाकडे होत नाही. १९८४मध्ये लीलाची चिमुकली तीना भर रस्त्यातून नाहीशी होते आणि कधीच सापडत नाही. एका साप्ताहिकाने लेनूसोबत असलेल्या तीनाचा फोटो लेखिकेची मुलगी म्हणून छापलेला होता. तिला लेनूची मुलगी समजून उचलले गेले असेल का? कादंबरी खात्रीने काहीच सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. पण शंका एकदा उभी राहिली की अख्ख्या हिशेबाची बेरीज बदलते. लिहिणारीच्या धाडसाचा दाम तिथेच राहणारीने दिला असेल, ही शक्यता आता कोणत्याही युक्तिवादाने पुसता येत नाही.

मग हाच हिशेब दोन भावांवर, दोन मित्रांवर, एका जोडप्यावर मांडता आला नसता का? आला असता, पण त्यांच्या नात्यांचे दप्तर आधीच भरलेले असते. लग्नाची नोंद होते, भावांच्या वारशाचा दस्त होतो, पुरुषांची मैत्री पक्षात, युनियनमध्ये, धंद्यातल्या भागीदारीत कुठेतरी कागदावर येते. दोन बायकांच्या मैत्रीला कुठलेच कार्यालय नाही. राज्य बदलले, कायदा बदलला, तरी तिच्यात नोंदण्यासारखे काही नसते, म्हणून ती इतिहासकारांच्या हातून निसटते. आणि याच कारणाने ती साक्ष म्हणून मोलाची ठरते, कारण तिला कोणाची बाजू सांभाळायची नसते. पास्क्वालेला पक्षाची भाषा बोलावी लागते, नीनोला सत्तेची, पिएत्रोला विद्यापीठाची. लीला मात्र लेनूच्या तोंडावर सांगू शकते की तुझे हे पुस्तक वाईट आहे. आणि लेनूला ते खरे वाटते, कारण लीलाला त्यातून मिळवायचे काहीच नसते. एन्झोबरोबर पत्राद्वारे अभ्यास करून ती संगणक शिकते आणि ऐंशीच्या दशकाआधीच ते यंत्र चालवू लागते. देश कुठे चालला आहे हे प्राध्यापकांच्या आधी कळलेली ही बाई प्राथमिक शाळेपुढे गेलेली नाही, ही गोष्ट नोंदवणारी दुसरी कोणतीही वही अस्तित्वात नाही.

म्हणून या कादंबऱ्या वाचताना दोघींत खरी हुशार कोण, जिंकली कोण, हा प्रश्न वाचकाने बाजूला ठेवावा. तो प्रश्न लेनूने स्वतःला साठ वर्षे विचारला आणि त्याने तिचे भले झाले नाही. त्याऐवजी कादंबरीत एखादे साल आले की विचारावे: हे साल दोघींपैकी कोणासाठी वेळेवर आले, आणि कोणासाठी उशिरा? १९६२ कोणाचे, १९७० कोणाचे, १९८० कोणाचे? उत्तरे शेजारी शेजारी मांडत गेले की इटलीच्या प्रगतीची जी सरळ रेषा पाठ्यपुस्तकात असते ती मोडते, आणि तिच्या जागी दोन रेषा दिसतात, एक वर जाणारी आणि एक त्याच जागी राहून खोल जाणारी. राजकीय उलथापालथीवरच्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत, आणि मैत्रीवरच्याही. उलथापालथीचे माप मैत्रीने घेणारी एवढी मोठी कृती आपल्या काळात दुसरी झालेली नाही, हे माझे मत आहे. आणि ते खोडायचे असेल त्या वाचकाने चारही खंड वाचूनच खोडावे.